देणगी कर्मचाऱ्यांची, नाव कंपनीचे : अमेरिकी निवडणूक निधीच्या नोंदींचा अर्थ

अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम आला की अमुक कंपनीने तमुक उमेदवाराला इतके लाख डॉलर दिले, अशी वृत्ते भारतीय माध्यमांतही झळकतात. गुगल, मायक्रोसॉफ्ट ही नावे त्यांत हमखास असतात. अशी विधाने शब्दशः घेता येत नाहीत. संघीय पदांच्या उमेदवारांना कंपन्यांनी स्वतःच्या तिजोरीतून देणगी देण्यास १९०७ च्या टिलमन कायद्यापासून बंदी आहे. वृत्तातील आकडा ही बहुतांशी त्या कंपनीत काम करणाऱ्यांनी आपापल्या खिशातून दिलेल्या रकमांची बेरीज असते.

ही बेरीज करता येते ती एका तरतुदीमुळे. एका निवडणूक चक्रात उमेदवाराला एकूण २०० डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि तो जेथे नोकरी करतो त्या संस्थेचे नाव फेडरल इलेक्शन कमिशनकडे नोंदवावे लागते. देणगीदाराने रकाना कोरा ठेवल्यास प्रचार समितीने ३० दिवसांत त्याच्याकडे विचारणा करणे अपेक्षित असते. ‘ओपनसिक्रेट्स’सारख्या संस्था याच नोंदी कंपनीनिहाय एकत्र करतात, त्यांत कुटुंबीयांच्या आणि कंपनीशी संलग्न राजकीय कृती समितीच्या देणग्याही मिळवल्या जातात. ही समिती, म्हणजे ‘पॅक’, स्वेच्छेने दिलेल्या वर्गणीवरच चालते.

नोकरीचा तपशील मागण्यामागे हेतू आहे. २०२३-२४ च्या चक्रात एका व्यक्तीला एका उमेदवारासाठी प्रत्येक निवडणुकीमागे ३,३०० डॉलरची मर्यादा होती. पक्षांतर्गत आणि मुख्य निवडणूक वेगळी धरली जाते. मर्यादा ओलांडू पाहणारा मालक कर्मचाऱ्यांच्या नावे पैसे देऊन बोनसच्या रूपाने त्यांची भरपाई करू शकतो. दुसऱ्याच्या नावाने दिलेली अशी देणगी गुन्हा ठरते. एकाच कार्यालयातील कनिष्ठ लिपिकांनी एकाच दिवशी कमाल रक्कम दिली, तर नोंदवही स्वतःच बोलू लागते. गोव्याच्या कुटुंबातील, मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेट उमेदवाराला इतरांच्या नावे २०,००० डॉलर मिळवून दिले होते. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. २०१८ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

बेरजेतून कंपनीची भूमिका मात्र कळत नाही. अभियंता आणि अध्यक्ष एकाच शीर्षकाखाली येतात, शिवाय एकाच कंपनीतून दोन्ही पक्षांना पैसा जातो. कंपनीचा खराखुरा पैसा शोधायचा तर ‘सुपर पॅक’कडे पाहावे लागते. २०१० च्या ‘सिटिझन्स युनायटेड’ निकालानंतर उमेदवारापासून स्वतंत्र प्रचारखर्चासाठी कंपन्यांना निधी देता येतो.

तेथे एच-१बी व्हिसावर काम करणारे मराठी अभियंते या बेरजेत येऊच शकत नाहीत, कारण परदेशी नागरिकांना देणगी देण्यास मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ती मुभा आहे.

भारतात अशी बेरीज करणे शक्य नाही. २०,००० रुपयांहून अधिक देणग्यांचा तपशील पक्ष निवडणूक आयोगाला देतात, पण त्या अर्जात देणगीदाराच्या नोकरीचा रकाना नाही. येथे कंपन्या स्वतःच्या नावे देणगी देऊ शकतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार राजकीय कार्यासाठी वर्गणी देता येत नाही. अमेरिकेतील बहुतेक संघीय कर्मचारी देणगी देऊ शकतात, ती गोळा करू शकत नाहीत.