तारेपासून पडद्यापर्यंत : संगणक जाळ्यांचे विद्यापीठीय शिक्षण

इंटरनेट वापरणे आणि इंटरनेट समजणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिली शाळकरी मुलालाही येते. दुसरीसाठी संगणकशास्त्र वा माहिती तंत्रज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात एक स्वतंत्र विषय नेमलेला असतो. ‘कॉम्प्युटर नेटवर्क्स’ या नावाने ओळखला जाणारा हा विषय अभियांत्रिकी, बी.एस्सी. आणि एमसीए अशा तिन्ही वाटांवर विद्यार्थ्यांना भेटतो. अनेकांच्या मनात तो ‘सात थरांचा विषय’ म्हणून उरतो, आणि परीक्षा संपली की ते सात थरही उरत नाहीत. असे का होते, हे पाहण्यासारखे आहे.

या विषयाचा इतिहास मुळात विद्यार्थ्यांनीच घडवलेला आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. अर्पानेट या जाळ्यावरील हा पहिला संदेश. त्याआधी काही महिने, एप्रिल १९६९ मध्ये, त्याच विद्यापीठातील स्टीव्ह क्रॉकर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने जाळ्याचे नियम कसे असावेत याविषयीचे पहिले टिपण लिहिले. आपण विद्यार्थी असून नियम कसे सांगणार, या संकोचापोटी त्याने टिपणाला ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नाव दिले. त्याची इंग्रजी आद्याक्षरे म्हणजे आरएफसी. इंटरनेटचे नियम आजही याच नावाने प्रसिद्ध होतात आणि कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

भारतातही आरंभ शिक्षणसंस्थांपासूनच झाला. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीतील खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था अशा आठ संस्था होत्या. जुहूच्या या संस्थेकडेच १९८९ पासून ‘डॉट इन’ या भारतीय नावाची नोंदणी होती. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे देशातील प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी यांना जाळ्याचा अनुभव बाकीच्यांच्या कित्येक वर्षे आधी मिळालेला होता.

सात थर आणि प्रत्यक्षातले जाळे

अभ्यासक्रमाची सुरुवात बहुधा ओएसआय प्रतिमानाने होते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये प्रमाणित केलेल्या या आराखड्यात भौतिक थरापासून उपयोजन थरापर्यंत सात पायऱ्या आहेत. तार, तिच्यावरील विद्युत् संकेत, शेजारच्या यंत्राशी संवाद, दूरच्या यंत्राकडे जाण्याची वाट, दोन टोकांमधील विश्वासार्ह वहन, असे करत शेवटी ई-मेल वा वेबपानापर्यंत पोहोचायचे. आराखडा देखणा आहे. मात्र जग चालते ते टीसीपी/आयपी या दुसऱ्याच नियमसंचावर. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये त्याची कल्पना मांडली, १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने तो स्वीकारला आणि त्याच वर्षी बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीतून तो विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचला. त्यात ‘सत्र’ आणि ‘सादरीकरण’ असे वेगळे थर नाहीत. विद्यार्थी मात्र या दोन थरांच्या व्याख्या पाठ करतात, कारण त्यांच्यावर हमखास प्रश्न येतो.

थरांची कल्पना निरुपयोगी आहे असे नव्हे. एका थराने दुसऱ्याच्या कामात डोके घालायचे नाही, ही शिस्त पाळली गेली म्हणूनच टेलिफोनच्या तारेवर चालणारे वेबपान पुढे मोबाइलवरही चालले. फक्त हे मर्म आकृती काढून कळत नाही, त्यासाठी पॅकेट उघडून पाहावे लागते.

पॅकेट म्हणजे काय?

इंटरनेटवर कोणतीही गोष्ट सलग जात नाही. दहा लाख बाइटचे एक छायाचित्र पाठवायचे असेल, तर त्याचे तुकडे होतात. इथरनेटवर एका खेपेत साधारणपणे १,५०० बाइट जातात. त्यांतील किमान ४० बाइट पत्ता, क्रमांक इत्यादी मजकुरात खर्ची पडतात. उरलेल्या १,४६० बाइटांच्या हिशेबाने या छायाचित्राची जवळपास ६८५ पॅकेटे होतात. प्रत्येक पॅकेट आपला मार्ग स्वतंत्रपणे काढते. वाटेतील राउटर फक्त पत्ता पाहतो, पुढच्या राउटरकडे ढकलतो आणि विसरून जातो.

हे समजावताना मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण सहज सुचते. डब्यावरची खूण पाहून एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचे, संपूर्ण रस्ता कोणालाच ठाऊक असण्याची गरज नाही, एवढ्यापुरते ते चपखल आहे. पण पुढे ते फसते. डबा हरवला तर हरवला; त्याची दुसरी प्रत घरी ठेवलेली नसते. पॅकेट हरवणे मात्र गृहीतच धरलेले असते. पोच आली नाही की पाठवणारा संगणक तोच तुकडा पुन्हा पाठवतो आणि घेणारा क्रमांक पाहून तुकडे लावून घेतो. ही जबाबदारी वाटेतल्या यंत्रांवर न टाकता दोन टोकांवर टाकणे हा इंटरनेटच्या रचनेतील सर्वांत मोठा निर्णय होता.

त्या निर्णयाची कसोटी ऑक्टोबर १९८६ मध्ये लागली. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातील अंतर अवघे चारशे यार्ड. त्या वाटेवरचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. यंत्रे बिघडलेली नव्हती. वाट तुंबली की पोच उशिरा येई, पोच उशिरा आली की संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवीत आणि गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी यावर उपाय शोधला व १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला : सुरुवात बेताने करा, पोच येत राहिली तर वेग वाढवा, पॅकेट हरवले तर मुकाट्याने वेग कमी करा. जाळ्याच्या मध्यभागी कसलाही पोलीस न नेमता, केवळ टोकांवरच्या संयमाने कोंडी फुटली. परीक्षेत हा भाग करवतीच्या दात्यांसारख्या आलेखाच्या रूपाने येतो. त्यामागची हकीकत सांगितली, तर तो आलेख पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

पत्त्यांचे गणित

विद्यार्थ्यांना सर्वाधिक धास्ती असते ती सबनेटिंगची. वस्तुतः हे गणित सोपे आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असतो, त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. समजा महाविद्यालयाकडे २५६ पत्त्यांचा एक गट आहे आणि विभाग चार आहेत. प्रत्येकाला ६४ पत्ते येतात. पहिला त्या उपजाळ्याच्या नावाचा व शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, म्हणून प्रत्यक्ष वापराला ६२. बाकी सारे याचेच विस्तारित रूप.

या गणितामागे टंचाईची गोष्टही आहे. मोकळ्या पत्त्यांचे शेवटचे गट जागतिक कोठारातून फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. १२८ बिटांची सहावी आवृत्ती त्याआधीच तयार होती, पण स्थलांतर अद्यापही पूर्ण झालेले नाही. घरातील चार-पाच उपकरणे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे दडवण्याची युक्ती इतकी चालली की निकडच उरली नाही.

प्रयोगशाळेत काय करता येते

या विषयाची खरी गोडी प्रयोगशाळेत आहे, आणि त्यासाठी महागडी सामग्री लागतेच असे नाही. ‘पिंग’ ही एका ओळीची आज्ञा घ्या. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद. प्रत्यक्षात आकडा याहून बराच मोठा येतो, कारण केबल सरळ रेषेत टाकलेली नाही. ती समुद्रातून, सुएझजवळून वळसा घेत जाते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबलांना इजा झाली, तेव्हा भारतातील इंटरनेट का मंदावले, याचे उत्तर या एका आकड्यात दडलेले आहे.

‘ट्रेसरूट’ ही त्याहून गमतीची. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा असतो व प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाले की पॅकेट फेकून दिले जाते आणि तसा निरोप पाठवणाऱ्याला जातो. आयुष्य एक, मग दोन, मग तीन असे देत गेले की वाटेवरचा एकेक राउटर आपले नाव सांगतो. काही सांगतही नाहीत. तेथे नुसत्या चांदण्या उमटतात.

वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर तारेवरून जाणारे प्रत्येक पॅकेट उलगडून दाखवते. जुन्या टेलनेट पद्धतीने लॉगिन केले तर पासवर्ड त्यात उघडा दिसतो. एकदा हे पाहिलेला विद्यार्थी सांकेतिकीकरणाचे महत्त्व विसरत नाही. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तेथील टाटू युलोनेन यांनी एसएसएच हा सुरक्षित पर्याय लिहिला. अर्थात हा प्रयोग स्वतःच्या यंत्रावर वा प्रयोगशाळेतील अलग जाळ्यावरच करायचा. परवानगीवाचून इतरांच्या जाळ्यात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार अंगाशी येऊ शकते.

पाठ्यपुस्तकांत टॅनेनबाउम आणि फोरोझान ही नावे आपल्याकडे परिचित आहेत. टॅनेनबाउम यांचे पुस्तक १९८१ पासून चालत आले आहे आणि तारेकडून वर चढते. कुरोस व रॉस यांच्या पुस्तकाचा क्रम उलटा : आधी वेब व ई-मेल, शेवटी तार. रोज ब्राउझर उघडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा दुसरा क्रम अधिक सोयीचा वाटतो. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल या उपक्रमातून विनामूल्य उपलब्ध आहेत. खासगी कंपन्यांच्या प्रमाणपत्र परीक्षांना नोकरीच्या बाजारात किंमत आहे हे खरे, पण त्या बहुतांशी त्या-त्या कंपनीची यंत्रे हाताळायला शिकवतात. वेबच्या वहनाची ‘क्विक’ ही नवी पद्धत २०२१ मध्ये प्रमाणित झाली. पोच, क्रमांक आणि कोंडी ही तत्त्वे पक्की असलेल्यास ती समजायला एक दुपार पुरते.

प्रवेशापूर्वी महाविद्यालय पाहायला जाणाऱ्या पालकांनी इमारतीबरोबर नेटवर्क प्रयोगशाळाही पाहावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात. ही प्रयोगशाळा संस्थेच्या रोजच्या जाळ्यापासून अलग आहे काय? विद्यार्थ्यांना राउटर व स्विच स्वतः जोडू आणि बिघडवू दिले जातात, की ते कुलूपबंद कपाटात असतात? आणि प्रात्यक्षिक परीक्षेत बिघाड शोधायला सांगतात, की जर्नलवरची सही पाहतात?