निरोध ते प्रेप: लपवलेल्या पाकिटाचा इतिहास

आजचा एपिसोड बसमध्ये ऐकत असाल तर इअरफोन लावा. विषय कंडोमचा आहे, आणि माझ्यासारख्या गे मुलांचा.

माझी कंपनीची बस रोज नाशिक फाट्यावरून चाकणला जाते. वाटेत भोसरी लागते. तिथल्या एमआयडीसीत, वर्कशॉपच्या गर्दीत, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. १९९२ सालची. लोक तिला ‘नारी’ म्हणतात. आता तिचं नाव बदललंय. भोसरीकडे आपण परत येऊ, आधी थोडं मागे जाऊ.

१९६८ मध्ये सरकारने स्वस्त ‘निरोध’ बाजारात आणला. सोबत कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. म्हणजे कंडोम हे नवरा-बायकोचं काम. जिथे दिवस जाण्याचा प्रश्नच नाही, तिथे त्याची गरज काय?

मग १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीचे भारतातले पहिले रुग्ण सापडले. मुंबईत १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभी राहिली, पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ काढली. खिरे स्वतः सॉफ्टवेअरवाले, अमेरिकेत नोकरी करून परत आलेले. समलिंगी पुरुषांशी मराठीत, न लाजता, कंडोमबद्दल बोलणारं कुणीतरी आलं.

पण कलम ३७७ होतंच. २००१ मध्ये लखनौत हेच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना अटक झाली. जनजागृतीचं साहित्य जप्त झालं आणि ते चाळीसहून जास्त दिवस तुरुंगात राहिले. विचार करा, जीव वाचवणारी वस्तूच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकत असेल, तर ती खिशात कोण ठेवेल?

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला मनाई करणारा कायदा लागू झाला. मी तेव्हा बीटेकच्या शेवटच्या वर्षाला होतो. वाटलं, संपलं सगळं!

नंतर नोकरी लागली. मोशीत चौघांत एक फ्लॅट. मी कंडोमचं पाकीट लॅपटॉपच्या बॅगेत चार्जरखाली ठेवायचो. एकदा ते रूममेटच्या हाती लागलं. “कोण आहे रे ती?” मी हसून वेळ मारून नेली आणि पाकीट कचऱ्यात टाकलं. पुढच्या वेळी माझ्याकडे कंडोम नव्हता. मला सगळं माहीत होतं, तरी नव्हता. त्यानंतर टेस्टच्या रिपोर्टपर्यंतचे दिवस कसे काढले, ते मलाच ठाऊक. रिपोर्ट निगेटिव्ह आला.

आता परत भोसरी. ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात ‘नारी’ही होती. २०११ मध्ये निष्कर्ष आला: बाधित जोडीदाराने लवकर औषधं सुरू केली, तर दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. ही जोडपी बहुतेक स्त्री-पुरुषांची होती. २०१९ मध्ये युरोपातल्या ७८२ गे जोडप्यांचा अभ्यास आला. औषधांनी विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून, कंडोम नसतानाही, एकालाही लागण झाली नव्हती.

आता प्रेपची गोळीही आहे, लागण होण्याआधी घ्यायची. २०२२ मध्ये नॅकोने तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यामुळे काही मित्र विचारतात, “मग कंडोम कशाला?” तर ऐका, प्रेप सिफिलिस किंवा गनोरिया थांबवत नाही. शिवाय ती मनाने सुरू करायची नसते. आधी एचआयव्हीची टेस्ट आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच.

कायदा बदलला, औषधं आली. पण फ्लॅटमधली थट्टा अजून तशीच आहे, आणि ती बंद करायला कोर्ट येणार नाही. रूममेटच्या बॅगेत पाकीट दिसलं तर काही विचारू नका, बॅग बंद करा. आणि टेस्टबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ लावा, कॉल फुकट आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!