वर येण्याचा मार्ग

रेल्वेच्या वेळापत्रकात 'भंडारा रोड' या नावाने ओळखले जाणारे स्थानक प्रत्यक्षात वरठी गावात आहे. तेथून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग अखेर हावड्यास पोहोचतो आणि स्थानकाबाहेर पडताच हुगळीवरील विशाल पोलादी पूल प्रवाशाच्या दृष्टीस पडतो. १९४३ साली खुल्या झालेल्या या पुलाची भव्यता वर्णावी तेवढी थोडी. परंतु आज आम्हांला वाचकांचे लक्ष पुलाच्या माथ्याकडे नव्हे, तर पायाकडे वेधावयाचे आहे.

कोलकात्याच्या बाजूचा पाया खणताना वाहती वाळू आत घुसू लागली. तिला थोपविण्यासाठी पायाच्या प्रचंड पेटीत, म्हणजे केसनमध्ये, दर चौरस इंचास सुमारे ४० पौंड दाबाने हवा भरण्यात आली. सुमारे पाचशे कामगार या कामावर होते. पाण्यात सुमारे २८ मीटर खोल उतरावे, तसाच हा दाब! अशा ठिकाणी खाली जाताना माणसास फारसा त्रास होत नाही. धोका असतो तो वर येताना.

असे का व्हावे? आपण घेतो त्या हवेत सुमारे ७९ टक्के नत्रवायू असतो. शरीरास त्याचा उपयोग नाही. मात्र दाब वाढला की तो रक्तात, चरबीत, मज्जातंतूंत विरघळून बसतो. दाब एकाएकी उतरला, तर सोड्याची बाटली उघडताच बुडबुडे उसळावेत, तसे बुडबुडे शरीरात उठतात. मग सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात आणि प्रसंगी प्राणही जातो. श्वास रोखून वैनगंगेत बुडी मारणाऱ्या ढिवर बांधवास किंवा ज्यांच्यात संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली कार्य करू लागले, त्या तामिळ किनाऱ्यावरील परवर मोतीवेच्यांस हा विकार सहसा जडत नाही. कारण त्यांच्या छातीत काठावरच्या एकाच श्वासाची हवा असते. दाबाखालची हवा सतत घेणाऱ्याच्या वाट्याला मात्र हे दुखणे येते.

या दुखण्याचा इतिहास श्रमिकांच्या देहांवर लिहिला गेला आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथे मिसिसिपीवर पूल बांधताना १८७० च्या सुमारास डझनाहून अधिक कामगार दगावले. वाकून चालणाऱ्या सोबत्यांना पाहून कामगारांनीच थट्टेने या विकारास 'बेंड्स' हे नाव दिले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली याच विकाराने जायबंदी झाला आणि त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या वतीने कामाची सूत्रे सांभाळली.

रोगाचे मूळ निर्विवादपणे दाखवून दिले ते पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. हवेच्या दाबाविषयीचा त्याचा बृहद्ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध झाला. बुडबुडे नत्रवायूचे असतात, म्हणून दाब सावकाश उतरवावा आणि पीडितास शुद्ध प्राणवायू द्यावा, असे त्याने सांगितले. हा बेर पुढे फ्रान्सचा शिक्षणमंत्री झाला. तो चर्चचा कडवा विरोधक होता आणि जेझुइटांवर त्याने केलेली टीका प्रसिद्ध आहे. तरीही त्याचे ऋण आम्ही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पाण्याखाली राबणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसास त्याच्या संशोधनाने जीवदान दिले आहे. सत्य कोणाच्या मुखातून आले, यावर त्याचे मोल ठरत नसते.

१९०८ साली इंग्लंडमध्ये जॉन हाल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके सिद्ध केली. टप्प्यावर थांबावयाचे, नत्रवायू फुप्फुसांवाटे बाहेर पडू द्यावयाचा, मग पुढचा टप्पा गाठावयाचा.

प्राणवायू या प्रतीक्षेस साहाय्य कसे करतो, हे समजून घेणे कठीण नाही. सहा मीटर खोलीवर एकूण दाब १.६ बार असतो. तेथे पाणबुड्या साधी हवा घेत राहिला, तर फुप्फुसात नत्रवायूचा दाब सुमारे १.२६ बार राहतो आणि शरीरातील नत्रवायूस बाहेर पडण्याची ओढ कमी असते. त्याच जागी शुद्ध प्राणवायू घेतला, तर फुप्फुसातील नत्रवायूचा दाब जवळजवळ शून्यावर येतो. दार सताड उघडावे, तसा नत्रवायू वेगाने निघून जातो. आणि भोवतालच्या पाण्याचा दाब कायम असल्याने बुडबुडे फुगत नाहीत. शिवाय पेशी प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे नीलांतील वायूंचा एकूण दाब भोवतालच्या दाबाहून कमी राहतो. ही जी पोकळी निर्माण होते, तिला 'ऑक्सिजन विंडो', म्हणजे प्राणवायूची खिडकी, म्हणतात.

परंतु औषध तेच विष, हा न्याय येथेही लागू पडतो. जास्त दाबाखालील प्राणवायूने आकडी येते, हेही बेर यानेच दाखविले. पाण्यात आकडी आली, तर मनुष्य बुडतो. म्हणून १.६ बार ही कमाल मर्यादा मानतात आणि शुद्ध प्राणवायू सहा मीटरच्या खाली घेत नाहीत. निम्मा प्राणवायू असलेले मिश्रण मात्र २१ मीटरपासून चालते. खोल गुहांत आणि बुडालेल्या जहाजांत शिरणारे आजचे 'टेक्निकल' पाणबुडे वर येताना असे वायू क्रमाने बदलतात.

आमच्या महाराष्ट्रासही हा विषय परका नाही. १९७४ साली मुंबई हायचे तेल सापडले आणि समुद्रतळावरील नळांची निगा राखणाऱ्या पाणबुड्यांची गरज निर्माण झाली. कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयाच्या परिसरात सागरी वैद्यकाचे शिक्षण दिले जाते. मालवणजवळ तारकर्लीस हौशी माणसेही स्कूबा शिकतात.

एक गोष्ट मात्र मनास सलते. बेर याने मार्ग दाखविला १८७८ साली. ब्रिटनमध्ये दाबाखालील बोगद्यांत राबणाऱ्या मजुरांसाठी वर येताना प्राणवायू देण्याचा दंडक लागू झाला २००१ साली! आगीची भीती होती, विषबाधेची भीती होती, हे खरे. परंतु खर्चाची आणि वेळेची काटकसरही होती, असे आम्हांस वाटते. थांबण्याचा प्रत्येक तास मालकाच्या हिशेबी तोटा असतो आणि कामगाराच्या हिशेबी चालते पाय. ज्ञान पुस्तकात असणे आणि ते मजुराच्या छातीपर्यंत पोहोचणे यांत सव्वाशे वर्षांचे अंतर पडू शकते. ते अंतर कमी करणे, हेही एक पुण्यकर्मच होय.