पायाखालचं चित्र

कॅनव्हासच्या बुटांवर नेफरतिती, होरसचा डोळा किंवा कमळं छापलेली दिसली की इजिप्तची कला पायात आणणं हा आजचा उथळपणा वाटतो. पुरावा उलट सांगतो. 1922 मध्ये सापडलेल्या तुतनखामूनच्या थडग्यात लाकडी तळव्यांच्या चपला होत्या. त्यांच्या तळव्यावर, नेमकं पाऊल टेकतं तिथे, हात बांधलेले न्यूबियन आणि आशियाई कैदी व शत्रूंची खूण असलेली धनुष्यं चितारली आहेत. राजाच्या प्रत्येक पावलागणिक शत्रू तुडवला जावा, यासाठीच ते चित्र होतं.

हे राजापुरतंच, सामान्य बायका अनवाणीच चालत, असा आक्षेप येईल. तो बराचसा खराही आहे. चित्रांतल्या बहुतेक स्त्रिया अनवाणी आहेत. राणी नेफरतारीच्या थडग्यातून 1904 मध्ये मिळालेल्या आणि आता तुरीनच्या संग्रहालयात असलेल्या चपलाही विणलेल्या, अगदी साध्या आहेत. पण ग्रीक-रोमन काळात राजघराण्याबाहेरच्या ममींच्या पाऊल-आवरणांवरही तळव्याखाली बांधलेले कैदी रंगवले जाऊ लागले. राजाचा हक्क मृत्यूनंतर का होईना, प्रजेपर्यंत पोचला. म्हणून आजच्या बुटांवर इजिप्तचं चित्र आलं याबद्दल तक्रार नको. फरक जागेचा आहे: आपण ते लोकांनी पाहावं म्हणून वर छापतो, इजिप्तने ते तुडवण्यासाठी खाली काढलं. नक्षी आपण उचलली, तिचं काम मात्र तिथेच राहिलं.