सुई टोचल्यावरची ‘दे-ची’ संवेदना

‘दे-ची’ ही सुई टोचलेल्या जागी ‘ची’, म्हणजे चिनी वैद्यकाने मानलेली शरीरभर वाहणारी प्राणशक्ती, येऊन पोहोचल्याची खूण होय; ‘ह्वांगदी नेईजिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या ‘लिंगशू’ या भागात उपचाराचा गुण या आगमनावरच अवलंबून असल्याचे सांगितले असल्याने पारंपरिक चिनी वैद्य सुई आत गेल्यावर ती बोटांत फिरवत, किंचित वर-खाली करत, काय जाणवते हे रुग्णाला विचारत राहतात. आंबल्यासारखे दुखणे, बधिरता, तटतटणे आणि जडपणा या संवेदना विशेष महत्त्वाच्या मानल्या जातात, आणि अंगठा व तर्जनी यांमधील ‘हगू’ या बिंदूवर त्या सहसा चटकन जाणवतात. तिथेच लखकन कळ उठली तर मात्र ती दे-चीमध्ये मोडत नाही व सुई थोडी मागे घ्यावी लागते. आतल्या ऊतीने सुई धरून ठेवल्याचे वैद्याच्या बोटांनाही कळते, आणि हेलेन लँजेव्हिन यांच्या संशोधनानुसार सुई फिरवल्यावर संयोजी ऊतीचे, म्हणजे अवयवांना जोडणाऱ्या तंतुमय ऊतीचे, धागे तिच्याभोवती गुंडाळले जातात. जपानमध्ये, जिथे सतराव्या शतकातील अंध वैद्य सुगियामा वाइची यांच्या नावाशी जोडलेल्या नळीतून अतिशय बारीक सुया टोचतात, रुग्णाला काही जाणवलेच पाहिजे असा अनेकांचा आग्रह नसतो. त्वचेत न शिरणाऱ्या बनावट सुयांनीही काही रुग्णांना अशाच संवेदना होतात, ही अडचण दे-चीच्या कट्टर समर्थकांनी पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही.