परदेशी बाजारपेठ आणि व्यापारी संघटना

परदेशातील दर सहज कळतात. माल का नाकारला जातो, हे मात्र त्या व्यवसायातील माणसेच जाणतात. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदार, निर्यातदार दोघेही संकटात सापडले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. कायद्यातील असे आकडे ‘अपेडा’कडे विचारता येतात. परंतु युरोपातील अनेक सुपरमार्केट कायद्याहून कडक अटी घालतात. त्यांचा सुगावा पुण्यातील द्राक्ष बागायतदार संघ किंवा ब्रुसेल्समधील ‘फ्रेशफेल युरोप’ यांसारख्या संघटनांच्या वर्तुळातच लागतो. प्रश्न मात्र नेमका हवा: कोणते वाण, कोणता महिना, कोणती तपासणी? संघटना सभासदांचे हित पाहते, म्हणून तिने दिलेली मागणीची आकडेवारी सीमाशुल्काच्या नोंदींशी ताडून घ्यावी.