शब्दांची वांटणी

एका हुशार विद्यार्थ्यानें एकदां आपल्या इंग्रजी निबंधांत लिहिलें कीं, आपण तापांतून उठलों तेव्हां आजीनें मोठ्या प्रेमानें आपल्या प्रकृतीविषयीं आपणांस ‘इंटरॉगेट’ केलें. वर्ग हंसला, परंतु चूक कोणती हें त्या मुलास सांगण्याची पाळी आली, तेव्हां आमची थोडी पंचाईतच झाली. त्यानें कोश पाहिला होता. कोशांत ‘आस्क’ म्हणजे विचारणें, ‘क्वेश्चन’ म्हणजे विचारणें, आणि ‘इंटरॉगेट’ म्हणजेहि विचारणेंच. व्याकरण शुद्ध, अर्थहि बरोबर, आणि तरी त्या वाक्यांत आजी जणूं फौजदार होऊन खाटेशेजारीं बसलेली! ह्या चुकीचें खरें उत्तर व्याकरणांत नाहीं; तें इंग्लंडच्या इतिहासांत आहे.

इ. स. १०६६ च्या ऑक्टोबरच्या १४ व्या तारखेस हेस्टिंग्जच्या लढाईंत सॅक्सन राजा हॅरॉल्ड पडला, आणि त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम वेस्टमिन्स्टर येथें सिंहासनावर बसला. वीस वर्षांनीं, म्हणजे १०८६ सालीं, त्यानें देशांतील जमिनींची जी पाहणी करविली, तींत बहुतेक मोठ्या जहागिरी नॉर्मन सरदारांच्या हातीं गेलेल्या दिसतात. अशा रीतीनें एकाच देशांत तीन भाषा एकीवर एक बसल्या: शेतांत, चुलीपाशीं व बाजारांत इंग्रजी, वाड्यांत व न्यायसभेंत फ्रेंच, मठांत व दप्तरांत लॅटिन. जितांची भाषा मेली नाहीं, कारण ती बोलणारेच देशांत बहुसंख्य होते. जेत्यांची भाषा अखेर मावळली, पण जातांना हजारों शब्द मागें ठेवून गेली. १२०४ सालीं जॉन राजाच्या हातून नॉर्मंडी गेली, व सरदारांस इंग्लंड हेंच आपलें घर मानणें भाग पडलें. १३६२ सालीं पार्लमेंटानें ठरविलें कीं, फ्रेंच भाषा लोकांस फारशी समजत नसल्यामुळें न्यायालयांतील वादविवाद इंग्रजींत व्हावेत. मौज अशी कीं, हा कायदा लिहिला गेला तो मात्र फ्रेंचमध्येंच!

आतां एकाच वस्तूस अशीं दोन-तीन नांवें झालीं म्हणजे पुढें काय होतें? मिशेल ब्रेआल ह्या फ्रेंच पंडितानें १८९७ सालच्या आपल्या शब्दार्थविषयक ग्रंथांत ह्यास वांटणीचा नियम म्हटलें आहे. दोन शब्द एकाच अर्थानें फार दिवस नांदत नाहींत. एक तरी वापरांतून जातो, किंवा दोघे भाऊ घर वांटून घेतात. इंग्रजींत ही वांटणी पदोपदीं दिसते. ‘स्टूल’ हें पूर्वीं कोणत्याहि आसनाचें नांव होतें. फ्रेंच ‘चेअर’ आली आणि बिचाऱ्या स्टुलाची पाठ गेली. ‘डिअर’ म्हणजे पूर्वीं कोणतेंहि जनावर. पुढें ‘बीस्ट’ व ‘ॲनिमल’ हे परकी शब्द आले, आणि त्याच्या वांट्यास केवळ हरिण उरलें. ‘डूम’ म्हणजे साधा न्यायनिवाडा. त्याची जागा ‘जजमेंट’नें घेतली, तेव्हां त्यास अशुभ दैवगतीचा काळा रंग चढला. नात्यांतहि हाच प्रकार. आई, बाप, भाऊ, बहीण ह्यांचीं नांवें इंग्रजींत अस्सल देशी आहेत. परंतु ‘अंकल’, ‘आंट’ व ‘कझिन’ हीं फ्रेंच. परकी भाषा ओसरीपर्यंत आली. माजघरांत तिचा शिरकाव झाला नाहीं.

ह्या संबंधांत एक दाखला नेहमीं दिला जातो: गोठ्यांत असतां बैल ‘ऑक्स’, पण ताटांत आल्यावर ‘बीफ’, कारण राखणारा सॅक्सन व खाणारा नॉर्मन. जॉन वॉलिसनें हें सतराव्या शतकांतच नोंदलें होतें, आणि वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीनें तें घरोघर पोंचविलें. दाखला सुरेख आहे, पण तो जरा बेतानेंच घ्यावा. ‘बीफ’ हा शब्द जिवंत जनावरासहि कित्येक शतकें लावीत असत. ही वांटणी विजयाच्या दुसऱ्या दिवशीं झाली नाहीं. ती पिढ्यान् पिढ्यांच्या वापरानें सावकाश झाली. विजयानें शब्द आणून दिले. अर्थ वांटले ते बोलणाऱ्या लोकांनीं.

हा केवळ भाषापंडितांचा विनोद नव्हे. ‘फ्रीडम’ आणि ‘लिबर्टी’ ह्या दोन शब्दांकडे पाहावें. दोहोंसहि आपण बिनदिक्कत ‘स्वातंत्र्य’ म्हणतों. पैकीं पहिला देशी. त्यांतील ‘फ्री’ हा आपल्या संस्कृतांतील ‘प्रिय’ ह्या शब्दाचा सगोत्र असून ‘फ्रेंड’ म्हणजे मित्र हाहि त्याच कुळांतला. जो आपल्या माणसांतला, घरचा, तो फ्री; दास तो परका. दुसरा शब्द लॅटिनचा, फ्रेंचच्या वाटेनें आलेला, व मध्ययुगांत त्याचा उपयोग बहुधा अनेकवचनीं होई. १२१५ सालीं सरदारांनीं जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा ही सनद मिळविली, तींतील लॅटिन शब्दाचा अर्थ राजानें दिलेले ठराविक हक्क व सवलती असा आहे. तेथें जो भाषांतरकार डोळे मिटून ‘स्वातंत्र्य’ लिहील, तो त्या सरदारांस आपल्या काळचे देशभक्त करून ठेवील. एक माणसाची स्थिति सांगतो, दुसरा सनदेंतील देणगी. आज हे अर्थ पुष्कळ मिसळले असले, तरी जुने कागद वाचतांना हा भेद विसरल्यास कोशाची नव्हे, इतिहासाची चूक होते.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं अखेर इंग्रजीचें उदाहरण दिलें नाहीं, मराठीचें दिलें. विनंती, अर्ज आणि प्रार्थना हे तीन शब्द घे, असें म्हटलें. पहिला प्राकृत वळणाचा, घरांत घासून गुळगुळीत झालेला. दुसरा मुसलमानी अमदानींत अरबी-फारशीच्या वाटेनें दरबारांत आलेला. तिसरा शुद्ध संस्कृत. तिन्हींत मागणेंच आहे. पण शेजाऱ्यास तूं अर्ज करशील काय? कचेरींत प्रार्थना देशील काय? मुलगा हंसला, आणि आजीनें आपणांस केवळ ‘आस्क’ केलें होतें, हें त्यानें स्वतःच सांगितलें.

जातां जातां त्यानें विचारलें, “मग साधा शब्द तो हलका समजावयाचा काय?” ही शंका आम्हांस त्याच्या चुकीपेक्षां अधिक मोलाची वाटली. दरबारी व पंडिती शब्दांस मान मोठा, ह्यांत संशय नाहीं. पण भाकरी, पाणी, घर, प्रेम आणि मृत्यु ह्यांसाठीं इंग्रज आजहि सॅक्सन शेतकऱ्याचेच शब्द बोलतो. राज्य गमावलेल्या लोकांनीं चुलीपाशीं जें जपून ठेवलें, तेंच शेवटीं त्या भाषेचें काळीज ठरलें.